तिठ्यावरची पिशवी : प्लास्टिकबंदीनंतर गोव्यातल्या एका गावचा बाजारहाट

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावचा तिठा, म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, काही मोठा बाजार नाही. एक भुसारी दुकान, फलोत्पादन महामंडळाचा भाजीचा गाळा, सकाळी नवाच्या सुमारास टोपली उतरवून बसणारी मासेवाली, एक चिकनचं दुकान आणि संध्याकाळी भाजी-पाव व मिरची-भजी विकणारा गाडा, एवढाच पसारा. मोठी खरेदी लोक डिचोलीला करतात, नाहीतर शुक्रवारी म्हापशाला जातात. पण पातळ प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी माणसांच्या अंगवळणी कशी पडते आणि कुठे अडते, हे पाहायला असा लहान तिठाच बरा. इथे विकणारा आणि घेणारा एकमेकांना नावानं ओळखतात. कोण कशातून काय नेतं ते कुणापासून लपत नाही. मी याच गावात राहते. इथल्या महिला गटानं पुढे पिशव्यांचा जो व्यवहार सुरू केला त्याच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे गल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी हे प्रकरण मला पाहता आलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण तिच्यावरून तिठ्यावर पुष्कळ वाद झाले. लोकांच्या डोक्यात बंदीची तारीख एकच आहे, १ जुलै २०२२. त्या दिवशी देशभर बंद झाल्या त्या वस्तू वेगळ्या होत्या: प्लास्टिकचे चमचे, काटे, ताटल्या, पेले, स्ट्रॉ, कान साफ करायच्या प्लास्टिकच्या काड्या, फुग्यांच्या काड्या, सजावटीचं थर्मोकोल, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायचा पातळ कागदासारखा प्लास्टिकचा पापुद्रा. हातात धरून न्यायच्या पिशवीचा नियम जाडीचा आहे आणि तो बराच जुना आहे. १९९९ साली २० मायक्रॉन, २०११ साली ४०, २०१६ साली ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गोव्यात तर न कुजणाऱ्या कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा १९९६ पासून आहे. म्हणजे तिठ्यावर सर्रास मिळणारी ती चुरचुरणारी पातळ पिशवी २०२२च्या कितीतरी आधीपासून बेकायदा होती. फरक इतकाच की जुलै २०२२ मध्ये दूरदर्शनपासून पंचायतीच्या फलकापर्यंत सगळीकडे एकदम गवगवा झाला, आणि दुकानदारांनी पहिल्यांदा पिशवी गल्ल्यावरून उचलून गल्ल्याखाली ठेवली.

एवढा जाडीचा नियम गिऱ्हाइकानं ओळखायचा कसा? कायद्यानं पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली असावी लागते. आमच्या भुसाऱ्याकडे शिल्लक राहिलेला गठ्ठा मी उलटून पाहिला. एकीवरही अक्षर नव्हतं. हाताला कळण्याची सोपी खूण म्हणजे झेरॉक्सचा साधा कागद. तो साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास भरतो. त्याच्याहून पातळ लागणारी प्लास्टिकची पिशवी आजच्या नियमात बसत नाही, हे कुणालाही चिमटीत धरून सांगता येतं.

कोरडा माल

भुसारी दुकानातली खरेदी सर्वांत आधी सुरळीत झाली, आणि तशी ती होणारच होती. महिन्याची यादी घेऊन येणारा माणूस घरातून ठरवून निघालेला असतो. त्याच्याकडे पिशवी असतेच. प्रश्न होता तो आतल्या सुट्या मालाचा. डाळ, साखर, रवा, कडधान्यं हे सगळं दुकानदार पारदर्शक पातळ पिशवीत भरून वर गाठ मारून देत असे. आता कागद आला. जुन्या मालकाचा हात पुडा बांधायला बसलेला आहे. कागदाचा कोन, त्यात माल, वरचं टोक आत दुमडायचं आणि छताला टांगलेल्या रिळाचा दोरा दोन फेरे देऊन ओढून तोडायचा. दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो. त्याला हे शिकावं लागलं, आणि पहिले काही दिवस त्याच्या हातचे पुडे घरी पोचेपर्यंत सुटत.

वर्तमानपत्राची रद्दी वापरावी की नाही, यावरही बोलणं झालं. गोव्यात मराठी वर्तमानपत्रं घरोघरी येतात, रद्दीला तोटा नाही. पण छपाईच्या शाईतले घटक अन्नाला लागतात म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांत खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. गरम भजी तर मुळीच नको. डाळ शिजवण्याआधी धुतली जाते हे खरं, पण रवा आणि पोहे कुठे धुऊन जातात? शेवटी दुकानदारानं खाकी कागद आणला. तो रद्दीपेक्षा महाग पडतो. ती वाढ त्यानं मालाच्या भावात धरली आणि मला त्यात गैर वाटत नाही. पातळ पिशवी ‘फुकट’ मिळायची तेव्हाही तिचे पैसे भावातच होते.

खरी अडचण पावसाची. बंदीची तारीख आली तीच भर जुलैत. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलैत. त्या हवेत कागदाच्या पुड्यातलं मीठ पाझरतं, गूळ कागदाला चिकटतो, साखर ओलसर होते. छत्री एका हातात, पुडे दुसऱ्या हातात, वर बसमधली गर्दी. पहिल्या महिन्यात रस्त्यावर सांडलेल्या मसूरडाळीवरून झालेली बाचाबाची मी स्वतः ऐकली. यावर घरच्या बायकांनी सोय काढली ती बरण्यांची. मीठ, गूळ, साखर आणि तेल एवढ्यांसाठी झाकणाची बरणी किंवा बाटली घरून न्यायची, बाकीचं कागदात. ही वाटणी कुणी शिकवली नाही. कोणत्या वस्तूला पाणी सुटतं हे त्यांना दुकानदारापेक्षा जास्त ठाऊक होतं.

कापडासारखी दिसणारी पिशवी

याच काळात तिठ्यावर रंगीत, हलक्या, जाळीदार पोताच्या पिशव्या दिसू लागल्या. लोक त्यांना कापडी पिशवी म्हणतात. त्या कापडाच्या नसतात. पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकचे तंतू उष्णतेनं एकमेकांना चिकटवून त्या करतात, त्यांना नॉन-वोव्हन म्हणतात. नियमांत त्यांना प्लास्टिकमध्येच धरलं आहे आणि चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट आहे. गटाच्या बैठकीत आम्ही एका पिशवीची पट्टी कापून तिला काडी लावली. सुती चिंधीची राख झाली. हिचं टोक मात्र आकसत गेलं आणि शेवटी काळा कडक मणी उरला. त्या एका मण्यानं जितकं पटलं तितकं कुठल्याही पत्रकानं पटलं नसतं. अशी पिशवी उन्हात काही महिने टांगली की चुरा होऊन गळते. तो चुरा मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, पडला की गोळा करणं कुणाला शक्य नाही.

‘कंपोस्टेबल’ असं छापलेल्या हिरवट पिशव्यांचंही असंच. त्यांना जाडीच्या अटीतून सूट आहे, पण त्यासाठी बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. आणि प्रमाणपत्र असलं तरी ती पिशवी कुजते ती खतप्रकल्पाच्या नियंत्रित उष्णतेत. व्हाळात (ओढ्यात) फेकली तर व्हाळातच राहते. चिकनच्या दुकानानं काही दिवस त्या वापरल्या. ओल लागली की तळ ढिला पडायचा, म्हणून त्यानंच बंद केल्या.

मग राहिली खरी सुती पिशवी. तिच्याबद्दलही डोळे उघडे ठेवून बोलायला हवं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं निघालं की हवामानाच्या दृष्टीनं नवी सुती पिशवी पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला ती १३१ वेळा वापरली गेली पाहिजे, आणि तेही पातळ पिशवी एकदाच वापरून फेकली असं धरून. कापूस पिकवायला, सूत काढायला, रंगवायला जे लागतं त्याचा हा हिशेब आहे. पातळ पिशवी गटारात, गाईच्या पोटात आणि शेतात जो घात करते तो त्या हिशेबात येत नाही, म्हणून प्लास्टिक बरं असा अर्थ कुणी काढू नये. पण हळदीकुंकवाला, उद्घाटनाला, प्रचाराला नव्या कोऱ्या सुती पिशव्या वाटायच्या आणि पर्यावरणाची सेवा झाली म्हणायचं, हे मला पटत नाही. आमच्या वाड्यावर असं एकही घर नाही जिथे कपाटात अशा पिशव्यांचा गठ्ठा नाही. गठ्ठा घरी असतो आणि माणूस रिकाम्या हातानं तिठ्यावर उभा असतो.

ठरवलेली आणि न ठरवलेली खरेदी

या प्रकरणात मला सापडलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. बंदीच्या जाहिरातीत सवय, जागृती, मानसिकता असे शब्द असतात. तिठ्यावर पाहिलं तर ‘सवय नसलेले’ लोक बहुतेक वेळा तेच निघाले जे खरेदीसाठी घरातून निघालेलेच नव्हते. पणजीहून कदंब बसनं संध्याकाळी उतरणारे सरकारी नोकर. औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून खोलीवर परतणारे कामगार. त्यांच्यात कर्नाटकातले, उत्तरेतले पुष्कळ आहेत, आणि ते रोजच्या रोज थोडं थोडं घेतात. किलोभर तांदूळ, पाव किलो कांदे, चार मिरच्या. महिन्याची यादी करायला एकरकमी पैसे लागतात आणि खोलीत साठवायला जागा लागते. ज्याच्याकडे ती सोय नाही त्याला पिशवी महिन्यातून एकदा लागत नाही, रोज लागते. बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही तो असा.

उलट टोकाला आमचा पोदेर, म्हणजे घरोघरी पाव पोचवणारा, आहे. पहाटे सायकलच्या हॉर्नचा पों-पों आवाज करत तो येतो, आणि घराघराच्या फाटकाला टांगलेल्या कापडी पिशवीत पाव, उंडे, पोळी अशा पावाच्याच जाती टाकून पुढे जातो. पावासाठी आमच्याकडे प्लास्टिकची पिशवी कधी रुळलीच नाही. याचं कारण आमची जागृती नाही. पिशवीची जागा ठरलेली आहे आणि ती आठवणीनं न्यावी लागत नाही, हे कारण आहे. हे लक्षात आल्यावर गटात विचार बदलला. लोकांनी आठवण ठेवावी म्हणून फलक लावण्यापेक्षा, जिथे पिशवी लागते तिथेच ती टांगलेली का नसावी?

त्यातून अनामत पिशवी निघाली. गटातल्या बायकांनी जुन्या साड्या आणि चादरींच्या पिशव्या शिवल्या. भुसाऱ्याच्या दाराशी एक दांडी बसवली, त्यावर त्या टांगल्या. रिकाम्या हातानं आलेल्या गिऱ्हाइकानं वीस रुपये अनामत ठेवायची आणि पिशवी न्यायची. परत आणली की वीस रुपये परत. परत आणणारा तोच हवा असं नाही, भाजीच्या गाळ्यावर दिली तरी चालते.

पहिल्या खेपेला पिशव्या गेल्या आणि येईनात. पाहिलं तर काठपदराच्या साड्यांच्या पिशव्या हरवल्या नव्हत्या, आवडल्या होत्या. वीस रुपयांत इतकी देखणी पिशवी कोण परत करील? कुणी तीत पोथी ठेवली होती, कुणी मुलीला कॉलेजला दिली होती. परत येत होत्या त्या चादरींच्या. मग गटानं साड्या बाजूला ठेवल्या आणि सगळ्या पिशव्या एकाच साध्या चादरीच्या, लाल नाडीच्या बंदाच्या केल्या. त्या कुणाला घरी ठेवाव्याशा वाटत नाहीत. त्या फिरू लागल्या. खोल्यांवर राहणारे कामगार त्यांचे सर्वांत चोख गिऱ्हाईक ठरले, वीस रुपये त्यांना सोडवत नाहीत म्हणून. नोकरदारांकडून पिशवी परत यायला वेळ लागतो, पण शनिवारी चार-पाच एकदम येतात.

धुण्याचं कामही ठरवून घ्यावं लागलं. आठवड्याला गटातलं एक घर सगळ्या पिशव्या धुतं. पावसाळ्यात त्या वाळत नाहीत, दोन दोन दिवस चुलीवरच्या वळणीवर टाकाव्या लागतात. या कष्टाचा मोबदला दुकानदार गटाला थोडा देतो, कारण त्याचा पिशव्यांचा खर्च वाचला आहे. तो पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही. पर्यावरणाची कामं बायकांच्या फुकट श्रमावर उभी राहतात ही माझी जुनी तक्रार आहे, आणि इथेही ती पुरती मिटलेली नाही.

२०१६ च्या केंद्राच्या नियमांत मुळात एक तरतूद होती. प्लास्टिक पिशवी देणाऱ्या दुकानदारानं स्थानिक संस्थेकडे नोंदणी करायची, महिन्याला किमान ४,००० म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये भरायचे, आणि गिऱ्हाइकाला पिशवी फुकट द्यायची नाही. ती रक्कम तिठ्यावरच्या दुकानाला झेपणारी नव्हती. २०१८ च्या दुरुस्तीत ती तरतूदच काढून टाकली. पण पिशवीची किंमत गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसली पाहिजे हा तिच्यातला विचार बरोबर होता. आमच्या वीस रुपयांनी तेच काम केलं, आणि पैसे परत मिळत असल्यामुळे कुणाला ते दंडासारखे वाटले नाहीत.

मासे

मासळीचं मात्र वेगळं प्रकरण आहे आणि ते अजून संपलेलं नाही. बंदी लागली जुलैत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे तेव्हा टोपलीत थोडी नदीची मासळी आणि बाहेरून बर्फातून आलेली. त्या वर्षी जुलै संपता संपता श्रावण लागला, पुष्कळ घरं शिवराक, म्हणजे शाकाहारी. मग ३१ ऑगस्टला चतुर्थी. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजाराला लोक टोपल्या, गोणपाट घेऊनच जातात, तिथे पिशवीचा प्रश्न फारसा नव्हता. म्हणजे मासळीची खरी परीक्षा सप्टेंबरात सुरू झाली, तोवर पंचायतीची तपासणी थंडावली होती. बंदी ‘यशस्वी’ झाल्याचं जे ऑगस्टमध्ये बोललं गेलं ते मासे सोडून होतं.

मासळी कापडी पिशवीत नेता येत नाही. बांगड्यांचं पाणी गळतं, सुंगटांचे (कोळंबीचे) काटे पिशवीला भोकं पाडतात, कुर्ल्या जिवंत असल्या तर विचारूच नका. म्हणून मासेवाली पूर्वी आतून एक पातळ पिशवी आणि बाहेरून एक काळी अशा दोन देत असे. या दोन पिशव्यांना बदली पिशवी नाहीच. बदली आहे ती डब्याची. आणि डबा म्हटला की घरातले प्रश्न उभे राहतात. सोमवारी, संकष्टीला शिवराक पाळणाऱ्या घरात स्वयंपाकाच्या मांडणीवरचा डबा मासळीला कोण देणार? शेजारच्या काकींनी मला स्पष्ट सांगितलं, “त्या डब्यात मी उद्या नैवेद्याचं पीठ ठेवते, त्यात तारले मासे कसे घालू?” यात हसण्यासारखं काही नाही. घराचा नियम आहे, आणि उपाय त्या नियमाला धरूनच काढायला हवा. मासळीचा डबा निराळा हवा, तो मागच्या पडवीत राहायला हवा, आणि त्याला कडी हवी, कारण स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकते, डबा अडकत नाही. बऱ्याच घरांनी रिकाम्या झालेल्या श्रीखंडाच्या, आइसक्रीमच्या झाकणी डब्यांना ही कामगिरी दिली. तेही प्लास्टिकचेच, पण पुन्हा पुन्हा वापरले जाणारे. मला त्यात दोष दिसत नाही.

मासेवालीची बाजू पाहा. ती सकाळी गिऱ्हाइकाला विचारते, “बाये, डबो हाडला?” (बाई, डबा आणला का?) नाही म्हटलं तर तिच्यापुढे दोनच वाटा. पिशवी द्यायची, नाहीतर गिऱ्हाईक सोडायचं. भुसाऱ्याची डाळ उद्याही डाळच असते. तिचे बांगडे दुपारपर्यंत उतरतात. जी सर्वांत कमी नकार देऊ शकते तिच्याकडूनच आपण नकाराची अपेक्षा धरली आहे. ताडपत्रीखाली तिनं पिशव्यांची एक जुडी ठेवली होती, सगळ्या तिठ्याला ती माहीत होती, आणि तपासणीला आलेल्या माणसाला ती पहिल्या झटक्यात सापडली. दंड तिनं भरला. तिला जुडी विकणारा स्कूटरवरून येऊन गेला होता, त्याला कुणी विचारलं नाही. मी हे स्पष्ट लिहिते, कारण दंडाची पावती टोपलीवाल्या बाईच्या नावानं फाडून पिशव्यांचा पुरवठा थांबत नाही. तो थांबवायचा तर गोदामात आणि पुरवठादाराच्या दारात जायला हवं.

तिठ्यावर निघालेला तोडगा तिनंच काढला. घरच्या जुन्या कडीच्या डब्यांपैकी पाच-सहा ती टोपलीबरोबर आणते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला मासे त्यात घालून देते आणि दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत घेते. अनामत नाही, वही नाही. तिला प्रत्येक घर ठाऊक आहे, आणि ती रोज येते. वाट्यानं मासे विकत असल्यामुळे वजनाची भानगडही नाही. तीन वाटे बांगड्यांचे, डब्यात ओतले, झाकण लावलं. ही सोय गावातल्या लोकांपुरती उत्तम चालते. बाहेरून गाडी थांबवून घेणाऱ्याला ती लागू पडत नाही. त्याला ती आता केळीच्या पानात बांधून वर कागद गुंडाळून देते. ते पुढच्या वळणापर्यंत टिकतं, म्हापशापर्यंत टिकत नाही.

चिकनच्या दुकानात अडचण वजनाची होती. डबा काट्यावर ठेवला की गिऱ्हाइकाला वाटतं डब्याचं वजन आपल्याच माथी. एका दुपारी यावरून आवाज चढले. दुकानदारानं मग काटा गिऱ्हाइकाकडे वळवला, रिकामा डबा ठेवला, आकडा दिसू दिला, मग ‘टेअर’चं बटण दाबलं. पडद्यावर शून्य आलं. मग चिकन घातलं. तेव्हापासून तो हे प्रत्येकाला दाखवूनच करतो. वजन निव्वळ मालाचं व्हायला हवं हा मापाच्या कायद्याचा साधा नियम आहे, आणि मिठाईच्या खोक्यापासून चिकनच्या डब्यापर्यंत तो मागून घेण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. डबा आणणाऱ्यांची संख्या त्या एका बटणानंतर वाढली हे दुकानदारच सांगतो.

बादलीचा प्रश्न

थोडक्यात एक आणखी. पातळ पिशवी घरी आल्यावर कचऱ्याच्या बादलीला अस्तर म्हणून लागायची. ती येईनाशी झाल्यावर फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काळ्या पिशव्यांची रिळं विकत घ्यायला सुरुवात केली. म्हणजे दुकानातलं प्लास्टिक घटलं आणि तेच घर विकतचं प्लास्टिक आणू लागलं. ज्यांच्या घरामागे चार माड आहेत त्यांचा ओला कचरा आळ्यात जातो, त्यांना अस्तराची गरज नाही. फ्लॅटवाल्यांसाठी गटानं एवढंच सुचवलं की ओल्या कचऱ्याची बादली उघडीच ठेवावी, रोज धुवावी, कोरड्याला पिशवी लागतच नाही. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ पासून चालू आहे. ओलं आणि कोरडं वेगळं गेलं तरच तिथे त्याचा उपयोग होतो. पुनर्वापर न होणारं प्लास्टिक गोव्यातून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जाळायला पाठवावं लागतं, हे बादलीत रिळाची पिशवी अडकवताना लक्षात असू द्यावं.

लोकांचा एक रास्त सवालही नोंदवते. वेफर्सचं पाकीट चालतं, शॅम्पूची पुडी चालते, दुधाची पिशवी चालते, मग माझ्याच हातातली पिशवी का नको? कारखान्यातून भरून येणाऱ्या वेष्टनाची जबाबदारी नियमांनी उत्पादकावर टाकली आहे, ते परत गोळा करायचं काम त्याचं. आमच्या तिठ्यावर वेफर्सची पाकिटं गोळा करायला कुठल्या कंपनीचं कुणी आलेलं नाही. ती जबाबदारी कागदावरून रस्त्यावर येईपर्यंत गिऱ्हाइकाला हा सवाल विचारू द्यावा, त्याला गप्प करू नये.

सध्याची स्थिती

भुसारी दुकानात पातळ पिशवी आता दिसत नाही. भाजीच्या गाळ्यावरही नाही, तिथे सुरुवातीपासून लोक पिशवी घेऊनच येत. चिकनच्या दुकानात डबा न आणणाऱ्याला १२० मायक्रॉनची छापील पिशवी पैसे घेऊन मिळते. वीस मायक्रॉनच्या पिशवीच्या सहापट प्लास्टिक तिच्यात असतं, म्हणून ती धुऊन परत वापरली गेली तरच तिचा काही अर्थ, आणि चिकनची पिशवी फार थोडे लोक धुतात. संध्याकाळच्या गाड्यावर पातळ भाजी आणि चटणी अजून छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत दोरा बांधून मिळते. घरून डबा नेणारे आहेत, पण गाडा हा न ठरवलेल्या खरेदीचाच ठिकाणा, तिथे डबा आणणार कोण? या गाड्यासाठी स्टीलच्या डब्यांची अनामत चालेल का, याचा गट विचार करतो आहे. अडचण डबे धुण्याच्या पाण्याची आहे. तिठ्यावर नळ नाही.

नळासाठी पंचायतीकडे अर्ज दिला आहे. त्याच अर्जात दुसरी मागणी आहे: पुढची तपासणी टोपल्यांपासून सुरू न करता पिशव्या पुरवणाऱ्यापासून सुरू करावी, आणि मासेवालीला भरावा लागलेला दंड लक्षात घेऊन पंचायतीनं तिला कडीचे आणखी दहा डबे घेऊन द्यावेत. पहिल्या मागणीवर जागेची पाहणी झाली आहे. दुसरी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आहे, आणि ती मांडायला मासेवाली स्वतः येणार आहे.